सेकंडहँड गाडी घेतल्यावर डीलर ‘उद्या बघू’ म्हणू लागला, तर

गाडी विकली जाईपर्यंत डीलरचा माणूस दुसऱ्या रिंगला फोन उचलतो. चहा मागवतो, ट्रायलला पेट्रोल स्वतः टाकतो. डिलिव्हरीच्या दिवशी बॉनेटवर हार, नारळ, आणि पुठ्ठ्याची हातभर लांब चावी हातात देऊन फोटो. माझा तो फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच १२ पासिंग, ४ लाख ३५ हजार रुपये. “दादा, सहा महिने इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी, तीन सर्व्हिस फ्री, आणि आरसी महिन्याभरात घरपोच.”

एकोणिसाव्या दिवशी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात टेम्परेचरचा लाल दिवा लागला. मागच्या सीटवर वडील. बॉनेट उघडलं तर पाणी उकळून बाहेर. त्याच माणसाला फोन लावला. “थोडं गार होऊ द्या दादा, पाणी टाका, येते गाडी. सोमवारी आणा, बघून घेऊ.” सोमवारी मेकॅनिक सुट्टीवर. गुरुवारी मालक बाहेरगावी. पुढच्या आठवड्यात पाणी बदलून “आता टेन्शन नाही”. असे जवळजवळ दोन महिने गेले, आणि मग एक दिवस उत्तर आलं, “हे वॉरंटीत येत नाही हो.”

या दोन महिन्यांत माझ्या डोक्यात उशिरा शिरलं ते हे: डीलर भांडत नाही, तो दिवस काढतो. वॉरंटीला शेवटची तारीख असते, त्याच्या ‘उद्या’ला नसते. त्यामुळे खाली जे काही सांगतोय त्याचं मूळ एकच, प्रत्येक बोलण्याला त्याच दिवशी तारीख चिकटवायची. मी ते पहिल्या दिवसापासून केलं असतं तर निम्म्या वेळात सुटलो असतो.

पहिल्या दोन दिवसांत

दिवा लागला, आवाज आला, गिअर अडकला, तर गाडी तिथेच थांबवा. ‘वॉर्निंग लागल्यावरही चालवली’ हे क्लेम नाकारायचं सर्वांत सोपं कारण आहे, आणि ते खोटंही नसतं. डॅशबोर्डचा फोटो घ्या, त्यात दिवा आणि किलोमीटर दोन्ही दिसले पाहिजेत. आवाज असेल तर व्हिडिओ. टोइंग केलं तर पावती ठेवा. गाडी कुठे, कधी आणि किती किलोमीटरवर बंद पडली, हे त्या साध्या पावतीत सगळं असतं.

त्यानंतर लगेच जाहिरातीचा स्क्रीनशॉट. गाडी विकली की जाहिरात काढून टाकतात. माझ्या नशिबाने तिकडे कुणी ती काढायचे कष्ट घेतले नव्हते. त्यात लिहिलं होतं, “नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, सिंगल ओनर, एक रुपयाचं काम नाही.” शेवटचे चार शब्द पुढे मला फार उपयोगी पडले.

ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे इंजिन उघडू नका, हा मोह आवरा. बहुतेक वॉरंटीत ‘आधी परवानगी, मग दुरुस्ती’ अशी अट असते. एकदा बाहेरच्या माणसाने पाना लावला की डीलर म्हणणार, बिघाड त्यानेच केला.

तक्रार नेमकी कसली आहे

“सर्व्हिस बेकार आहे” ही तक्रार नाही, तो त्रागा आहे. कागद पुढ्यात घेऊन आपली तक्रार कुठल्या खणात बसते ते बघा.

वॉरंटीत लिहिलेला भाग बिघडला, तर तो झाला वॉरंटी क्लेम. वॉरंटीत नसलेलं पण वेगळं कबूल केलेलं काही दिलं नाही (फ्री सर्व्हिस, नवे टायर, दुसरी चावी, आरसी ट्रान्सफर), तर ती सेवेतली त्रुटी. विक्रीच्या वेळी दोष होताच आणि तो लपवला, तर ती अनुचित व्यापारी प्रथा. या तिसऱ्या खणाला वॉरंटी संपल्याने फारसा फरक पडत नाही, म्हणून तो सर्वांत महत्त्वाचा.

आणि चौथा खण, ज्यात आपण हरतो. आठ-नऊ वर्षांच्या गाडीची क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, वायपर, सस्पेन्शनचे बुश. हे झिजणारच. त्यासाठी डीलरशी भांडण्यात दम घालवू नका, आणि तक्रारीत हे मुद्दे घुसडूही नका. दहा किरकोळ मुद्द्यांत एक खरा मुद्दा बुडतो.

विकली कुणी, हे कागदावर शोधा

सोपं वाटतं, पण इथेच अनेकजण अडकतात. दुकानाच्या पाटीवर एक नाव, पावतीवर दुसरं, पैसे गेले तिसऱ्याच्या खात्यावर, आणि सेल लेटर थेट जुन्या मालकाचं. मग डीलर म्हणतो, “आम्ही फक्त मध्यस्थ, गाडी त्यांनी विकली.”

बँकेचं स्टेटमेंट काढा आणि पैसे कुणाच्या खात्यात गेले ते बघा. पावतीवर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून धंद्याचं कायदेशीर नाव मिळतं. डिलिव्हरी नोट, वॉरंटी कार्ड, टोकनची पावती, सगळ्यांवरची नावं एका कागदावर उतरवा. पुढे नोटीस या सगळ्या नावांनी जाईल. वॉरंटी तिसऱ्याच कंपनीची असेल तर तिलाही.

वॉरंटी कार्डाची मागची बाजू बारीक वाचा. किती दिवस, किती किलोमीटर (जे आधी संपेल ते), एका क्लेमची कमाल रक्कम किती, कुठले पार्ट वगळलेत, बिघाड किती दिवसांत कळवायचा. माझ्या कार्डावर ‘इंजिनाचे अंतर्गत भाग’ वॉरंटीत होते आणि ‘ओव्हरहीटिंगमुळे झालेलं नुकसान’ वगळलेलं. म्हणजे हाताने दिलं आणि पायाने काढून घेतलं. म्हणूनच ओव्हरहीटिंग कशामुळे झालं, हा प्रश्न कळीचा ठरला.

तपासणी तिसऱ्याकडून

गाडी टो करून त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. फक्त तपासणी, दुरुस्ती नाही, असं गेटवरच सांगितलं. फोरमनने ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि आतली बाजू माझ्यासमोर धरली. तिथे ताकावरच्या लोण्यासारखा पांढरट फेस. मग कूलंटची टाकी. हिरवं किंवा गुलाबी कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) दिसायला हवं तिथे गढूळ तपकिरी पाणी, आणि काठाला चंदेरी कणांचा थर. बोटाने थोडं खरवडून तो म्हणाला, “गळती बंद करायचं औषध, सीलंट, घातलंय कुणीतरी. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, आधीच गेलेलं असणार. महिना-दीड महिना निघतो यावर.”

पण जॉब कार्डवर त्याने लिहिलं फक्त “ओव्हरहीटिंग, हेड गॅस्केट रिप्लेस करणे”. हे घेऊन बाहेर पडलो असतो तर काही उपयोग नव्हता. यातून बिघाड कळतो, तो कधीचा हे कळत नाही. मी विनंती केली की साहेब, मत नका लिहू, डोळ्यांनी दिसलं तेवढं लिहा. मग त्याने लिहिलं: कूलंट नाही, साधं पाणी आढळलं, टाकीत सीलंटचे अंश, ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं. खाली सही, शिक्का, किलोमीटर. सोबत ३८,४०० रुपयांचं एस्टिमेट.

मेकॅनिक मंडळी कोर्टकचेरीच्या भीतीने ‘जुना दोष’ असे शब्द लिहायला कचरतात. त्यांना कोंडीत पकडू नका. दिसलेल्या गोष्टी नीट लिहिल्या गेल्या की निष्कर्ष वाचणाऱ्याला काढता येतो. त्याच काउंटरवर गाडीची सर्व्हिस हिस्टरीही मागा. कुठे प्रिंट देतात, कुठे नुसता स्क्रीन दाखवतात. आजच्या मीटरपेक्षा जुन्या नोंदीतले किलोमीटर जास्त निघाले तर प्रकरणच वेगळं होतं, त्याबद्दल पुढे.

फोन झाला की मेसेज

डीलरशी फोनवर बोलायला हरकत नाही. पण फोन ठेवल्यावर दहा मिनिटांच्या आत मेसेज गेला पाहिजे. मी पाठवायचो तो साधारण असा:

“आज सकाळी ११.२० वाजता आपलं बोलणं झालं. गाडी ओव्हरहीट होत असल्याचं मी सांगितलं. आपण सोमवारी वर्कशॉपला आणायला सांगितलं आणि काम वॉरंटीत होईल असं म्हणालात. यात काही चुकलं असेल तर आजच कळवा.”

त्याने उत्तर दिलं तर नोंद झाली. नाही दिलं तरी झाली, कारण निळ्या टिका दिसतात. हाच मजकूर ईमेलवरही टाका. नंबर ब्लॉक होऊ शकतो, फोन हरवू शकतो. चॅट डिलीट करू नका, आणि आठवड्यातून एकदा ती एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करत जा.

मेसेजमध्ये चिडू नका. ‘चोर’, ‘फ्रॉड’ हे शब्द बायकोजवळ वापरा, डीलरला लिहू नका. उद्या हीच चॅट तिसरा कुणीतरी वाचणार आहे.

गाडी त्यांच्या वर्कशॉपला द्यायची वेळ आली तर

द्या. दुरुस्तीची संधीच दिली नाही, असं म्हणायला जागा ठेवू नका. पण चावी देण्याआधी लेखी जॉब कार्ड घ्या: तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती, तुमची तक्रार तुमच्या शब्दांत, परत कधी देणार. चारी बाजूंनी फोटो. “आपलीच गाडी आहे दादा, कार्ड कशाला” असं म्हणाले तर तोच तपशील तिथेच उभं राहून मेसेजवर पाठवा. परत घेताना काय काम केलं ते लिहून घ्या आणि बदललेला पार्ट मागा. गाडी वर्कशॉपमध्ये पडून राहिलेले दिवस वॉरंटीत वाढवून मिळावेत, ही मागणीही त्याच दिवशी लेखी करा.

आरसी ट्रान्सफर

डीलरच्या ‘सर्व्हिस’मधली सर्वांत जास्त लोंबकळणारी गोष्ट हीच. इंजिन बिघडलं तर कळतं तरी. आरसी नावावर नाही हे लोक वर्ष-वर्ष विसरतात आणि अपघात झाला की आठवतं.

मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठीचे फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. जुना मालक अशा डीलरकडे गाडी सोपवतो तेव्हा फॉर्म २९सी ऑनलाइन भरला जातो आणि विकली जाईपर्यंत डीलरच गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक, ठरतो. तेव्हा सरळ विचारा: तुमचं अधिकारपत्र कुठे आहे, या गाडीचा २९सी भरला होता का? या दोन प्रश्नांनी समोरच्याचा बोलायचा सूर बदलतो.

“प्रोसेसमध्ये आहे” हे उत्तर घेऊ नका. अर्ज भरला असेल तर त्याला अप्लिकेशन नंबर असतो आणि फीची पावती असते. नंबर मागा, परिवहन पोर्टलवर स्टेटस बघा. नंबर नाही म्हणजे अर्ज भरलेलाच नाही. अडकण्याची कारणं बहुतेक ठरलेली: थकलेली ई-चलनं, न उतरलेला कर्जाचा बोजा, जुन्या मालकाची न जुळणारी सही.

आणि जुन्या मालकाला फोन करा. लोकांना हे सुचत नाही, पण या कामात तो तुमचा सर्वांत जवळचा साथीदार आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की गाडी विकून टाकली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. हे कळल्यावर तो माणूस तुमच्यापेक्षा जास्त घाईत येतो.

माझ्या गाडीचे जुने मालक एक निवृत्त गृहस्थ. आरसीसाठी फोन केला, चौकशी झाली, आणि बोलता बोलता ते म्हणाले, “गरम होते हे मी त्यांना सांगूनच दिली होती की. त्याचेच तर तीस हजार कमी केले त्यांनी.” मी दोन सेकंद गप्प. मग म्हटलं, काका, एवढंच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवाल का? त्यांनी पाठवलं, शुद्धलेखनासकट. आरसीच्या मागे लागलो आणि इंजिनाचा पुरावा हातात पडला.

इन्शुरन्सचंही याच टप्प्यावर बघा. गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. थर्ड पार्टी संरक्षण आपोआप पुढे चालतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची प्रीमियममधली सूट, गाडीचा नसतो, जुन्या मालकाचा असतो. त्याचा फरक भरावा लागतो.

नोटीस

आता लेखी नोटीस. वकिलाकडून पाठवली तर वजन पडतं, पण सक्ती नाही. स्वतः मराठीत लिहा, एका पानात. स्पीड पोस्टाने पाठवा आणि डिलिव्हरीच्या स्टेटसची प्रिंट काढून ठेवा. त्यात एवढं हवं: गाडीचा नंबर, खरेदीची तारीख, रक्कम आणि ती कशी दिली; कबूल केलेल्या गोष्टी आणि त्या कुठे लिहिल्यात; काय घडलं, तारखांसह; तपासणीचा अहवाल; आणि नेमकी मागणी. माझी मागणी अशी होती:

“सदर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत (१) अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटप्रमाणे ३८,४०० रुपये द्यावेत किंवा तिथे दुरुस्ती करून द्यावी, (२) आरसी माझ्या नावे करून द्यावी, (३) टोइंगचा खर्च द्यावा. अन्यथा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागितली जाईल.”

मागणी अंगापेक्षा मोठी नको. ३८ हजारांच्या कामासाठी पाच लाखांची मानसिक भरपाई मागितली की खरा मुद्दाही हलका होतो.

१९१५ आणि आयोग

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मराठीतून बोलता येतं, तक्रारीला नंबर मिळतो. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती समोरच्याकडे तक्रार पोचवते आणि समेट घडवायचा प्रयत्न करते. मोठ्या साखळीच्या डीलरवर याचा परिणाम होतो, कोपऱ्यावरच्या दुकानदारावर कमी. तरी करा. फुकट आहे, आणि आणखी एक तारीख नोंदली जाते.

नाहीच हलले तर जिल्हा आयोग. लोक अजून ‘ग्राहक मंच’च म्हणतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात काही गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते, डीलर दुसऱ्या शहरात असला तरी. कोल्हापूरच्या माणसाने पुण्यातून गाडी घेतली तर त्याला पुण्याच्या चकरा नकोत. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांपर्यंत, आणि ती मोजतात तुम्ही दिलेल्या किमतीवर. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ऑनलाइन दाखल करायला २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे. वकील लागतोच असं नाही.

टॅक्सी म्हणून घेतली असेल तर? स्वतः चालवून पोट भरत असाल तर तुम्ही ग्राहकच. पाच गाड्या घेऊन ड्रायव्हर ठेवले असतील तर अडचण येईल.

तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र आणि क्रमांक घातलेले कागद जोडा. पहिल्या पानावर तारखांचा तक्ता द्या: तारीख, काय झालं, पुराव्याचा क्रमांक. आयोगापुढे रोज ढिगाने फायली असतात, हे एक पान त्यांचं काम सोपं करतं. ‘जशी आहे तशी विकली’ या कलमावर डीलर बोट ठेवेल. तुमचं उत्तर: जशी आहे तशी विकली, पण ‘एक रुपयाचं काम नाही’ असं सांगून विकली.

उत्तर द्यायला समोरच्याला ३० दिवस, फार तर आणखी १५. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. तेवढ्यात लागेल असं धरून मात्र चालू नका.

पोलीस आणि आरटीओ कधी

सर्व्हिस वाईट दिली म्हणून पोलीस ठाण्यात जाऊ नका. “दिवाणी बाब आहे” सांगून परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. मीटर मागे घेतलेलं, चासी नंबर खाडाखोड केलेला, खोटी एनओसी, किंवा पैसे घेऊन गाडीच दिली नाही, असं असेल तर जरूर जा. आरसी अडवून ठेवली असेल आणि डीलरकडे अधिकारपत्र नसेल, तर लेखी तक्रार आरटीओकडे.

तडजोड

बहुतेक प्रकरणं इथेच संपतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. नोटीस आणि १९१५ची तक्रार गेल्यावर बाराव्या दिवशी मालकाचा स्वतः फोन आला. जुन्या मालकांचा मेसेज मी नोटिशीला जोडला होता, फरक त्याने पडला असं मला वाटतं. पहिला प्रस्ताव, “आमच्या मेकॅनिककडे फ्रीमध्ये करून देतो.” नाही म्हटलं, औषध घालणारा मेकॅनिक कोण होता हे मला माहीत नव्हतं. शेवटी तीस हजार थेट सर्व्हिस सेंटरला भरायचे आणि आरसी तीन आठवड्यांत, यावर जमलं. वरचे आठ हजार चारशे आणि टोइंग मी सोसलं. वर्षभर तारखांना रजा टाकण्यापेक्षा ते स्वस्त पडलं, असा माझा हिशेब. तुमचा वेगळा असू शकतो.

तडजोड लेखी करा, तारखांसह. ‘फुल अँड फायनल’च्या कागदावर सही पैसे जमा झाल्यावर आणि आरसीचं काम पूर्ण झाल्यावरच. नुसत्या पुढच्या तारखेच्या चेकवर सही देऊ नका. दुरुस्तीच्या कामाला सर्व्हिस सेंटरची स्वतःची वॉरंटी मिळते, म्हणून दुरुस्तीचं बिल तुमच्या नावाने घ्या.

आरसीचं कार्ड पोस्टाने घरी आलं त्याच संध्याकाळी शोरूमच्या त्या पहिल्या माणसाचा मेसेज आला: “दादा, आरसी मिळाली ना? जमलं तर गूगलवर फाइव्ह स्टार टाका.” या वेळी मी उत्तराला दोन दिवस लावले.